सोलापुरात ख्रिस्ती मैत्रिणीनं रविवारी चर्चला बोलावलंय. तिथं नेमकं काय असतं, आणि हिंदू माणसानं गेलेलं चालतं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न दडलेले आहेत. हिंदू घरातल्या माणसानं गेलेलं चालतं का, बायबलवर जे बोलतात ते आपल्या प्रवचन-कीर्तनासारखं असतं का, आणि एकदा गेलं की मागे लागतात का. मी सोलापूरचाच, तिसऱ्या पिढीचा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. पाळक (आमच्या चर्चचे धर्मगुरू) गावाला गेले की कधीमधी संदेश, म्हणजे बायबलवरचं प्रवचन, द्यायला मलाच उभं करतात. तेव्हा हे घरातल्याच माणसाचं उत्तर आहे, त्या हिशेबानं वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: चालतं. दाराशी कुणी जात-धर्म विचारत नाही. फार तर नाव विचारतील, हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणतील आणि पुढच्या बाकावर बसवायला बघतील. पुढचा बाक आमच्याकडे कायम रिकामा असतो, म्हणून पाहुण्यावर ढकलतात. तुम्ही मागेच बसा.

त्याआधी मैत्रिणीला एक विचारून घ्या, की तिचं चर्च कुठलं. ती ‘मिस्सा’ आणि ‘फादर’ म्हणत असेल तर कॅथलिक. ‘उपासना’ आणि ‘पाळकसाहेब’ म्हणत असेल तर आमच्यासारखी जुन्या मिशनची मंडळी. ‘आराधना’, ‘पास्टर’ आणि वाक्यावाक्याला ‘प्रेज द लॉर्ड’ असेल तर नव्या फेलोशिपपैकी एखादी, तिथं टाळ्या, मोठ्यानं प्रार्थना आणि लोकांच्या साक्षी (देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं) जास्त. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांचं गाव, तेव्हा उपासना कुठल्या भाषेत आहे तेही विचारा. नाहीतर तास-दीड तास नुसतं बघत बसाल.

मी आमच्यासारख्या मंडळीचं सांगतो. अमेरिकन मराठी मिशन या धर्मप्रसारकांच्या संस्थेचे लोक अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) इकडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शाळा काढल्या, चर्च बांधलं. पुढे १९७० साली निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात या परंपरेतल्या बऱ्याच मंडळ्या गेल्या. ‘मंडळी’ हा शब्द मुद्दाम सांगतो, कारण तो तिथं सारखा कानावर पडेल. आमच्या भाषेत मंडळी म्हणजे चर्चची माणसं, सगळी मिळून एक. लग्नात एका काकांनी ‘पाळकसाहेब, मंडळीला घेऊन आलो’ म्हटलं आणि पाळक दोनशे पानांची सोय बघायला धावले. काकांच्या मागे काकू एकट्याच उभ्या होत्या.

रविवारच का, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, येशूचं पुनरुत्थान (मरणातून पुन्हा उठणं) आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं असं आहे, म्हणून सुरुवातीचे विश्वासी त्या दिवशी जमू लागले. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते. ते सांगायचे, सुट्टीचा रविवार आपल्याला साहेबानं फुकट दिलेला नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी भांडले तेव्हा १८९० साली तो मिळाला, आणि त्यांचं म्हणणं रविवार हा खंडोबाचा वार असल्याचंही होतं. आजोबांना यात काही अडचण वाटायची नाही. खंडोबाच्या नावानं सुट्टी आणि ख्रिस्ताच्या नावानं उपासना, असं ते हसत म्हणायचे.

उपासनेचा क्रम फार लांबवत नाही. घंटा, गीत, प्रार्थना, पापांची कबुली, शास्त्रवाचन, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं), सूचना (ह्या सगळ्यात लांबतात), दानार्पण, संदेश, आशीर्वाद. दानाची पिशवी समोरून फिरते, तुम्ही काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, ते शेजाऱ्याकडे बघून करा. प्रार्थनेच्या वेळी बऱ्याच बायका डोक्यावर पदर घेतात. तुम्ही बाई असाल आणि ओढणी असेल तर घ्या, नसेल तर नसू दे. चपला आमच्याकडे काढत नाहीत, पण घरगुती सभेत वगैरे काढतात. दाराशी ढीग दिसला की समजून घ्यायचं.

गाण्यांच्या बाबतीत तुम्हाला आश्चर्य वाटेल. पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत, आता कीबोर्डही आलाय. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक. त्यात इंग्रजी चालींची गाणी आहेत तशी अभंगाच्या घाटाचीही आहेत, आणि त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची. बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) १८९५ साली घेतला तरी टिळकांच्या कवितेतला तुकाराम काही सुटला नाही. आमचं गाव पंढरपूरच्या जिल्ह्यातलं, कान आधीच तयार. वारकरी घरातला माझा एक मित्र नाताळला आला होता. दुसऱ्या कडव्याला तो टाळ्या धरून गाऊ लागला आणि मग एकदम थबकला, आपण कुठं आहोत ते आठवून.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण, असतं, आमच्याकडे पहिल्या रविवारी. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. हा प्रसाद नाही, ही एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. बाप्तिस्मा झालेल्या सभासदांसाठी ते असतं, कॅथलिकांकडे तर नियम आणखी कडक. तुम्ही जागेवरच बसून राहिलात तर त्यात अपमान कुणाचाच नाही. माझ्या ऑफिसातले एक गृहस्थ भक्तिभावानं पुढे जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले होते. पाळकांनी तुकडा दिला नाही, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून हळूच प्रार्थना केली आणि परत पाठवलं. त्यांना आजही वाटतं की आपल्याला काहीतरी विशेष मिळालं.

आता दुसरा प्रश्न. ‘तिथं नेमकं काय असतं’ म्हणताना तुम्ही मुळात तोच विचारलाय असं मला वाटतं.

प्रवचनासारखं आहे का? काही अंगानं हो. मराठी ख्रिस्ती लोकांनी कीर्तनसुद्धा केलंय, अगदी एकोणिसाव्या शतकापासून, अहमदनगरकडून सुरुवात होऊन. पण रविवारचा संदेश वेगळा. कीर्तनकार अभंग घेतो आणि त्यावर आख्यान उभं करतो; त्याचं कसब बघायला आपण जातो. आमच्याकडे बोलणारा बायबलमधला उतारा सांगतो, ‘मत्तय, अध्याय वीस, एक ते सोळा’, आणि मग थांबतो. का, तर सगळ्यांना ते पान काढायला वेळ द्यायचा. शंभर-दीडशे पुस्तकांची पानं एकदम उलटतात तो आवाज मला लहानपणापासून उपासनेचा सगळ्यात पवित्र आवाज वाटत आलाय. आता निम्मे लोक मोबाईलवर बघतात, तो आवाज कमी झालाय. तक्रार नाही, पण चुकल्यासारखं होतं खरं.

पान काढायचं ते बोलणाऱ्याला तपासायला. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात बिरुया नावाच्या गावचे लोक आहेत. पौलासारखा मोठा ख्रिस्ती प्रचारक येऊन बोलला, तरी हा सांगतो तसं खरंच लिहिलंय का, हे ते रोज शास्त्रात शोधून बघत. त्यासाठी त्यांना शाबासकी मिळाली आहे, दटावणी नाही. आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली ती कशासाठी? साध्या शिकलेल्या बाईलाही स्वतः वाचून कळावं म्हणून. केडगाव आपल्या सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच आहे, पुढच्या वेळी खिडकीतून स्टेशनची पाटी दिसली की आठवा.

एक संदेश सांगतो, म्हणजे कळेल. मी वर मत्तय २० म्हटलं तो द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली एक बोधकथा. मालक पहाटे मजूर ठरवतो, दिवसाची ठरलेली मजुरी देईन म्हणतो. मग नऊला, बाराला, तीनला, शेवटी पाच वाजता आणखी मजूर नेतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच पूर्ण मजुरी. सकाळी आलेले कुरकुरतात. पाळकांनी छान मांडलं, की ही देवाची कृपा आहे, कृपेला मापटं नसतं. आम्ही माना डोलावल्या.

आमच्या मंडळीत बिडी वळणाऱ्या बायका आहेत. हजार बिड्यांमागे मजुरी, त्यातली छाट निघाली की तेवढे पैसे गेले. उपासना संपल्यावर त्यातल्या एका आजींनी पाळकांना दाराशीच धरलं. ‘साहेब, आमच्यात असं केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी येणारच नाही की. सगळे पाचलाच येतील.’ लोक हसले. पाळक हसले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी तोच उतारा पुन्हा काढला, जे आमच्याकडे सहसा होत नाही. म्हणाले, मागच्या आठवड्यात मी एक ओळ घाईनं वाचली. पाच वाजता उभ्या असलेल्यांना मालक विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. म्हणजे ते उशिरा उठलेले नव्हते, नाक्यावर सकाळपासूनच असतील आणि कुणी नेलं नसेल. आणि पोटाला तर दिवसभराचंच लागतं, तासाभराचं नाही. त्या वेळी सोलापुरात एकामागून एक गिरण्यांची धुराडी थंड झालेली होती. बाकांवर कितीतरी माणसं अशी बसली होती ज्यांना कुणी कामावर लावलेलं नव्हतं. कुणी हललं नाही. आजींनी मान हलवली, तेवढंच.

याच आजींनी मलाही एकदा सरळ केलं. मला पहिल्यांदा संदेश द्यायला सांगितलं तेव्हा मी आठवडाभर तयारी केली. किस्से, सुविचार, एका शास्त्रज्ञाची गोष्ट, क्रिकेटची गोष्ट, सगळं घातलं. पन्नास मिनिटं बोललो. बाहेर लोक हात मिळवून ‘छान झालं’ म्हणत होते. आजी म्हणाल्या, ‘बोललास गोड. पण लेकरा, त्यात वचन कुठं होतं?’ त्यांना लिहिता-वाचता येत नाही. शब्बाथ शाळेत (चर्चच्या रविवारच्या बायबल-वर्गात) ऐकून ऐकून स्तोत्रं पाठ झालेली. आणि खरंच, उतारा मी सुरुवातीला वाचला तो वाचला, नंतर त्याच्याकडे फिरकलोच नव्हतो. तेव्हापासून मी वीस मिनिटांच्या वर बोलत नाही आणि बोट उताऱ्यावरून काढत नाही.

(लांबलचक बोलणाऱ्यांसाठी बायबलमध्येच एक गोष्ट आहे. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. त्याला मेलेला समजून उचललं, पण तो वाचला. मग पौल वर गेला आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसला! तुम्हाला डुलकी लागली तर लाजू नका.)

उलटा अनुभवही सांगतो, नाहीतर मी नुसतं गोड गोड लिहिलं असं होईल. एका मैदानावरच्या सभेला मी गेलो होतो, नाव सांगत नाही. वक्त्यानं एक अर्धवट ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि मग तासभर आजार बरे होतील, कर्ज फिटेल, आणि त्यासाठी इतकं इतकं दान ‘पेरा’, हेच. माझ्या शेजारच्या बाईनं गोळ्या बंद करायच्या ठरवल्या होत्या. तिला मी आणि माझ्या बायकोनं समजावून दवाखान्यात परत पाठवलं. तुम्ही कुठंही गेलात, आमच्याकडे किंवा आणखी कुठं, आणि बोलणाऱ्यानं पुस्तक मिटून पैशांचं किंवा औषध सोडायचं बोलायला सुरुवात केली, तर खुशाल उठून या.

तिसरा प्रश्न, मागे लागतात का. आमच्यासारख्या मंडळीत एक-दोनदा आलेल्याला कुणी बाप्तिस्म्याचं विचारत नाही. मोठ्या माणसाचा बाप्तिस्मा ही सहज एका रविवारी उरकायची गोष्ट नाही. आधी शिकवण असते, पाळक स्वतः बोलतात, घाई करणाऱ्याला उलट थांबवतात. उत्साही तरुण नंबर मागतील आणि रोज सकाळी वचन पाठवतील, ते मात्र शक्य आहे. द्यायचा नसेल तर नको म्हणा. कुणी ‘नवीन आलेल्यांनी उभं राहावं’ म्हटलं आणि तुम्हाला संकोच वाटला, तर बसून राहा, मैत्रिणीला तेवढं आधी सांगून ठेवा.

आणि जमलं तर हंगामाच्या सणाला या. लोक घरून ज्वारीची कणसं, भाज्या, कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, एखादी कोंबडी असं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एक साधा भोपळा चढाओढीत भलत्याच किमतीला जातो, घेणारा तो परत देतो, आणि तोच पुन्हा लिलावाला येतो.

उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी उपासना लवकर ठेवतात, वेळ मैत्रिणीकडून पक्की करा. पुस्तक नसेल तर शेजारी मागा, पानही तेच काढून देतील. मागून तिसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाला जागा मिळाली तर धरा. आमच्याकडे तरी पंख्याचा वारा तिथंच नीट लागतो. आजींची जागाही तीच, पण त्या सरकून देतात.