दस्त स्वतः वाच

प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. करकायदा धरावा की जमिनीची कामे, असा तुझा प्रश्न आहे, आणि कराचे काम सीए मंडळींनी व जमिनीचे काम जुन्या दिवाणी वकिलांनी आधीच अडवून ठेवले आहे, असे तुझे गाऱ्हाणे आहे. गाऱ्हाणे खरे असले तरी प्रश्न चुकला आहे, कारण परवडणाऱ्या घरांच्या कामात कर आणि जमीन एकाच फायलीत येतात आणि ती फाईल शेवटच्या पानापर्यंत फारसे कोणी वाचत नाही.

साधे उदाहरण घे. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी 1 टक्का आहे, इतर घरांवर 5 टक्के. आपल्या संभाजीनगर-लातूरसारख्या शहरांत मर्यादा 90 चौरस मीटर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र, आणि 45 लाख रुपये. बिल्डर करारात 44 लाख लिहितो आणि पार्किंगचे 2 लाख वेगळ्या कागदावर घेतो. ते दोन लाख किमतीत धरावे लागतात. घर 46 लाखांचे होते आणि कर 46 हजारांऐवजी 2 लाख 30 हजारांवर जातो. तो दुसरा कागद मागवलाच नाहीस, तर अधिसूचना तोंडपाठ असून काय उपयोग? दस्त स्वतः वाच.

हे मी शहाणपणाने बोलत नाही. आयकराच्या कलम 80-आयबीए खाली बिल्डरला परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पाच्या संपूर्ण नफ्याची वजावट मिळे. मात्र एका व्यक्तीला घर दिल्यावर तिला, तिच्या जोडीदाराला किंवा अल्पवयीन मुलांना त्याच प्रकल्पात दुसरे घर देता येत नसे. एका प्रकल्पाबाबत मी बिल्डरने दिलेल्या तक्त्यावरून अभिप्राय दिला. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि चौथ्या मजल्यावरचा बायकोच्या माहेरच्या नावावर होता. इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, दोघांचा पत्ता एकच होता, आणि तो मी नोटीस आल्यावर पाहिला. एकूण 48 करार होते. दोन संध्याकाळींचे काम. त्या आठवड्यात खंडपीठात माझी रोज प्रकरणे होती, तक्ता सहीशिक्क्याचा होता, माझ्या जागी दुसरा कोणीही तेच करता, असे मी स्वतःला पुष्कळदा बजावले आहे आणि आजही ते मला अगदीच खोटे वाटत नाही. तरीही दस्त मी वाचले नव्हते.

मराठवाड्यात तर सातबाऱ्यावर थांबून चालतच नाही. 1954-55 चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी महसुली नोंद, काढ. त्यात इनाम किंवा मदतमाश, म्हणजे राजवटीने उदरनिर्वाहासाठी दिलेली जमीन, दिसले, तर कराचा हिशोब बाजूला ठेवून आधी जमीन विकसनाला देता येत होती का, ते पाहा. शेतकऱ्याने स्वतःच्या नावावरची जमीन फ्लॅटच्या बदल्यात नोंदणीकृत विकसन कराराने बिल्डरला दिली असेल, तर भांडवली नफ्यावरचा कर पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वर्षी लागतो. पण दाखल्याआधीच त्याने आपल्या वाट्याचा फ्लॅट विकला, तर ही सवलत गेली. तो विकला की नाही, हे तुला कोण सांगणार? बिल्डर? दस्त वाच, बाई.

कलमे पाठ करण्याचा तुझा उत्साह मला समजतो. पण 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याची जागा 2025 चा कायदा घेतो, आणि मला झोपेतही येणारे आकडे त्याने निकामी केले.

मुंबईला जावे का, हे मला विचारू नकोस. मी गेलो नाही, आणि न गेल्याचे समर्थन करण्यात माझी वीस वर्षे गेली.

सोमवारी दहाला ये, डबा घेऊन. बीड बायपासकडच्या एका प्रकल्पाची फाईल टेबलावर काढून ठेवली आहे. पार्किंगचा कागद मी त्यातच कुठेतरी घातला आहे.

तुझा,
काका