इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन कोकणच्या दमट हवेत रोज वापरायचा असेल, तर काय काळजी घ्यावी?

तुमच्या प्रश्नाचा सारांश मी असा समजतो: जपानहून नातेवाइकांनी आणलेला स्टॅक्स कंपनीचा एसआर-एल300 हेडफोन आणि त्याच्यासोबतचा एसआरएम-252एस अ‍ॅम्प्लिफायर तुमच्याकडे आला आहे. तुम्ही रत्नागिरीत राहता. हेडफोनला 580 व्होल्ट दिले जातात हे वाचून घरच्यांना धास्ती वाटते आहे. हेडफोन रोज कसा वापरावा, चालूच ठेवावा की बंद करावा, पावसाळ्यात त्याचे काय करावे आणि पुढेमागे मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी मुंबईत, समुद्रापासून फार लांब नसलेल्या घरात, अनेक वर्षे असे हेडफोन वापरतो आहे, त्यामुळे खारी आणि दमट हवा काय करते हे मला चांगले ठाऊक आहे.

बाकीचे वाचण्याआधी अडॅप्टर हातात घेऊन त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे पाहा. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते, आपल्याकडे 230 व्होल्टची. इनपुटपुढे केवळ 100 व्होल्ट छापले असेल, तर तो अडॅप्टर आपल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये कदापि लावू नका; पिनांचा आकार बदलणारा पंचवीस-पन्नास रुपयांचा जोड व्होल्टेज बदलत नाही. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर 12 व्होल्ट डीसीवर चालतो आणि त्याला जेमतेम 4 वॉट लागतात, म्हणून चांगल्या प्रतीचा स्थानिक अडॅप्टर घेणे हा सोपा मार्ग आहे. मात्र व्होल्टेज आणि पिनेच्या आतल्या-बाहेरच्या बाजूची ध्रुवता (अधिक-उणे) या दोन्ही गोष्टी अ‍ॅम्प्लिफायरवर छापलेल्या चिन्हांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, आणि अँपिअर तिथल्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त असावेत.

आता हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात सांगतो, कारण निगा का राखायची ते त्याशिवाय उमजत नाही. साध्या हेडफोनमध्ये चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. इथे मात्र दोन मायक्रॉनहूनही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो (माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो) आणि तो छिद्रे असलेल्या दोन धातूच्या पत्र्यांच्या मधोमध ताणून बसवलेला असतो. पडदा आणि पत्रा यांच्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची फट असते. पडद्यावर 580 व्होल्टचा स्थिर भार असतो, ज्याला बायस म्हणतात, आणि संगीताचा संदेश शेकडो व्होल्टच्या रूपाने दोन्ही पत्र्यांवर उलटसुलट दिला जातो, त्यामुळे पडदा पूर्ण पृष्ठभागावर एकसारखा ओढला आणि ढकलला जातो. त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये केसाचा तुकडा किंवा धूळ शिरली, किंवा दमट हवेमुळे पडद्यावरचा भार झिरपू लागला, की आवाज बिघडतो. पुढची सगळी काळजी ही फट कोरडी आणि स्वच्छ ठेवण्यासाठीच आहे.

घरच्यांच्या धास्तीविषयी: बायसचा पुरवठा काही मेगाओहमच्या रेझिस्टरमधून (प्रवाह अडवणाऱ्या भागातून) येतो, त्यामुळे व्होल्टेज मोठे असले तरी त्यातून वाहू शकणारा प्रवाह मिलिअँपिअरच्याही अंशात मोजावा लागतो. हेडफोन धडधाकट असेल तर तो कानाला लावण्यात धोका नाही, आणि अशा हेडफोनांचा इतिहासही लहान नाही; स्टॅक्सचा पहिला एसआर-1 हा 1960 मध्ये बाजारात आला. तरीही तीन गोष्टी कटाक्षाने पाळा. न्हाऊन आल्यावर केस ओले असताना हेडफोन लावू नका. वायरचे वेष्टन कुठे चिरले असेल तर ती दुरुस्त होईपर्यंत हेडफोन वापरू नका. आणि अ‍ॅम्प्लिफायर कधीही स्वतः उघडू नका, कारण आतले कपॅसिटर वीज बंद केल्यानंतरही भार धरून ठेवतात आणि तिथे प्रवाह अडवणारा तो मोठा रेझिस्टर असेलच असे नाही.

रोजचा क्रम साधा आहे. आवाजाची खुंटी शून्यावर ठेवून हेडफोनचा प्लग आधी लावावा, मग अ‍ॅम्प्लिफायर चालू करावा, पडद्यावर भार बसायला अर्धा-एक मिनिट द्यावे आणि मग आवाज हळूहळू वाढवावा. ऐकून झाल्यावर आवाज शून्यावर आणून अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा. प्लग काढायचाच असेल तर थोडा वेळ थांबून काढावा, आणि तोही वायरीला धरून ओढू नये. ही वायर मुद्दाम चपटी आणि रुंद बनवलेली असते, जेणेकरून तिच्या तारांमधली कपॅसिटन्स (भार साठवण्याची क्षमता) कमी राहील. म्हणून तिची घट्ट गुंडाळी करू नये, गाठ मारू नये आणि खुर्चीच्या चाकाखाली ती येऊ देऊ नये. हा प्लग फक्त 580 व्होल्ट बायसच्या, पाच छिद्रांच्या सॉकेटसाठी आहे. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 230 व्होल्ट बायसचे सहा छिद्रांचे सॉकेटही असते आणि तुमचा प्लग त्यात बसतोही, पण तिथे आवाज अगदी क्षीण येतो. त्यावरून हेडफोन बिघडला असा समज करून घेऊ नये.

हेडफोन डोक्यावर चढवताना आणि काढताना घाई करू नका. वरची पट्टी दोन्ही हातांनी फाकवून तो सावकाश ठेवा, कानाच्या वाट्या दाबू नका. वाटी दाबली की आतली हवा कोंडते, पडदा जाऊन पत्र्याला टेकतो आणि 'फट्' किंवा चुरचुर असा आवाज येतो. हा आवाज अधूनमधून आला तर तो दोष नाही, दाब सुटताच पडदा जागेवर येतो, पण उगाच तसे करत राहणे पडद्याच्या हिताचे नाही. जबडा हलवताना किंवा आडवे पडून ऐकतानाही असे होऊ शकते.

'चालूच ठेवावा का' याचे माझे उत्तर नाही असे आहे. भारित पडदा हवेतली धूळ स्वतःकडे खेचतो, आणि समुद्रकाठच्या धुळीत मीठही असते. ऐकायचे नसेल तेव्हा तो बंद असावा आणि झाकलेला असावा. मऊ सुती कापड चालेल, पण लोकरीचे किंवा तंतू सुटणारे कापड नको. जाळीवर धूळ दिसली तर मऊ ब्रशने वरच्यावर झटकावी. तोंडाने फुंकर मारणे, दाबाच्या हवेचा डबा किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरणे यांपैकी काहीही करू नका; फुंकरेबरोबर ओलावा आत जातो आणि बाकीच्या दोन्हींमुळे पडदा कायमचा ताणला किंवा फाटला जाऊ शकतो.

आता पावसाळा, जो तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. हे हेडफोन ज्या जपानमध्ये बनतात तिथेही जून-जुलैत पावसाचा दमट हंगाम असतो, तेव्हा हे यंत्र दमट प्रदेशात टिकतच नाही असे मानायचे कारण नाही. पण रत्नागिरीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत आर्द्रता दिवसचे दिवस 85 ते 90 टक्क्यांच्या घरात राहते आणि घरातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, त्या हवेत हेडफोन उघड्या खुंटीवर टांगून ठेवणे बरोबर नाही. उत्तम उपाय म्हणजे छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी वापरतात ते विजेवर चालणारे कोरडे कपाट, ज्यात आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर ठेवता येते. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल कापडी पिशवीत बांधून, आणि सोबत एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर चार महिने निभावतात. निळी जेल गुलाबी झाली की तिने ओलावा पुरेपूर शोषला असे समजावे आणि ती मंद आचेच्या ओव्हनमध्ये पुन्हा निळी होईपर्यंत तापवून, पूर्ण गार करून परत ठेवावी; मात्र जेल तापवलेली भांडी स्वयंपाकाला वापरू नयेत. हेडफोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, कारण तांदळाची पूड नेमकी त्या फटीत शिरेल. डांबरगोळ्याही जवळ नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकांना बाधते.

ऐकून झाल्याबरोबर मात्र हेडफोन डब्यात कोंडू नका. कानाचा घाम आणि ऊब गाद्यांमध्ये उरलेली असते. तो थोडा वेळ पंख्याच्या हवेपासून दूर, कोरड्या खोलीत उघडा ठेवून मगच आत ठेवावा. खोलीत एसी असेल तर ऐकण्याआधी तो तासभर चालवणे हा पावसाळ्यातला सर्वांत सुखाचा उपाय आहे. उलट, एसीच्या गार खोलीतून हेडफोन एकदम बाहेरच्या दमट हवेत आणला तर त्यावर बारीक दव धरू शकते, म्हणून तसे केल्यास लगेच चालू करू नका.

ओलावा आत गेल्याची लक्षणे कानाला कळतात: एका बाजूचा आवाज हळूहळू खाली जातो, संगीत थांबल्यावरही चुरचुर राहते, किंवा बारीक शिट्टीसारखा सूर येतो. हे पाहण्यासाठी मी तानपुऱ्याचे मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणारे) ध्वनिमुद्रण लावतो. तानपुऱ्याचा नाद अखंड आणि भरीव असल्यामुळे तो डोक्याच्या अगदी मध्यभागी ऐकू आला पाहिजे. तो एका कानाकडे सरकलेला वाटला की काहीतरी बिघडले आहे. मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या डाव्या-उजव्या इनपुट वायरी, अर्थात तो बंद करून, आपसांत बदलाव्यात. क्षीण बाजूही बदलली तर दोष वायरीत किंवा संगीत पुरवणाऱ्या यंत्रात आहे. ती जिथल्या तिथे राहिली तर हेडफोनमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. ओलाव्याचा संशय असेल तर हेडफोन दोन-तीन दिवस कोरड्या डब्यात ठेवून, नंतर काही तास चालू ठेवून पुन्हा ऐकावे. पुष्कळदा एवढ्याने आवाज जागेवर येतो. हेअर ड्रायर किंवा उन्हाचा प्रयोग करू नका. पडद्याचा ताण आणि त्याला धरणारा चिकट पदार्थ, दोघांनाही उष्णता मानवत नाही.

आपल्याकडच्या एका सवयीचा उल्लेख केलाच पाहिजे, ती म्हणजे केसांना तेल. खोबरेल तेल गाद्यांच्या कृत्रिम चामड्यात मुरते, ते कडक होऊन सोलवटते आणि त्याचे कण जाळीकडे जातात. तेल लावलेल्या दिवशी ऐकू नये, आणि एरवी गाद्या किंचित ओलसर, पिळून काढलेल्या कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात, स्पिरिट नको. या गाद्या दुहेरी चिकटपट्टीने बसवलेल्या असतात. बदलताना त्या नखाने उपटू नयेत, कडेकडेने सावकाश सोडवाव्यात आणि तेव्हा हातात टोकदार काहीही धरू नये.

मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरविषयी माझे मत स्पष्ट आहे: सध्या घेऊ नका. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर 280 व्होल्टपर्यंत संदेश देऊ शकतो आणि एल300 ला 100 व्होल्टवर 101 डेसिबल मिळतात, म्हणजे आवाज कमी पडण्याचा प्रश्नच नाही. या हेडफोनांचा आवाज इतका स्वच्छ असतो की तो किती मोठा झाला आहे हे कळत नाही. खुंटी जपून वापरा. मोठे अ‍ॅम्प्लिफायर क्लास ए पद्धतीचे (संगीत नसतानाही आत पूर्ण प्रवाह वाहत राहणारे) असल्यामुळे सदैव तापतात, त्यांना चहूबाजूंनी मोकळी जागा लागते, आणि कोकणात त्या उबेला मुंग्या आणि पाली येतात. निर्वातनळ्यांच्या नमुन्यांमध्ये काही हजार तासांनी नळ्या बदलाव्या लागतात. जपानहून असा अ‍ॅम्प्लिफायर आलाच, तर त्याला खरोखर 100 व्होल्ट देणारा ट्रान्स्फॉर्मर हवा. अमेरिकन उपकरणांसाठी मिळणारा 110 व्होल्टचा नको, कारण इथली वीज 240 वर चढली की तो 115 देतो आणि आधीच तापणारे यंत्र आणखी तापते. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवरही ते चालवू नये, ट्रान्स्फॉर्मर घरघरतो. विजा चमकू लागल्या की लहान-मोठा कोणताही अ‍ॅम्प्लिफायर भिंतीपासून सोडवून ठेवावा. तुमच्याकडे आज पैसे बाजूला असतील तर आधी योग्य अडॅप्टर घ्या, मग कोरडे कपाट घ्या, आणि उरलेल्यात मूळ गाद्यांचा एक जादा जोड मागवून त्याच कपाटात ठेवा.