नावापुरता प्रवेश घेऊ नकोस

लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझा बेत कळला. बी.ए.ला तालुक्याच्या कॉलेजात नाव घालायचं, हजेरीचं ‘बघून घेऊ’ म्हणायचं, संभाजीनगरला कॉट घेऊन अभ्यासिका लावायची आणि परीक्षेच्या आठ दिवस आधी गाईड घेऊन परत यायचं. आपल्याकडे पुष्कळ पोरं हेच करतात, आणि त्यांची तशी सोय लावून देणारी कॉलेजंही आहेत. पदवी त्या वाटेनेही मिळते, खोटं कशाला बोलू? पण पदवी सोडून कॉलेजात जे मिळतं ते हजर असणाऱ्यालाच मिळतं. आणि तुला पुढे जी परीक्षा द्यायची आहे, तिथे तेच कामाला येणार आहे.

राज्यसेवेचंच बघ. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. गोल काळे करण्याचं काम पूर्वपरीक्षेपुरतं उरलं. मुख्य परीक्षा १७५० गुणांची, त्यातले २५० निबंधाचे. वर २७५ गुणांची मुलाखत. अभ्यासिकेत बारा तास वाचता येतं, मान्य. पण तिथे बोलायची मनाई, आणि लिहिलेलं तपासायला कुणी नाही. तीन वर्षं तोंड न उघडता काढलेली हुशार पोरं मुलाखतीत पहिल्याच ‘तुमच्या गावाबद्दल सांगा’ला अडकतात. माहिती कमी पडते म्हणून नव्हे. अनोळखी माणसासमोर विचार करत करत बोलायची सवयच लागलेली नसते.

वेळ उरत नाही, ही तक्रारही तपासून घे. कला शाखेचं कॉलेज साधारण दहा ते दोन. जेवून तीनला बसलास आणि मधले दोन तास सोडलेस, तरी रात्री दहापर्यंत पाच तास मिळतात. घरून जाऊन-येऊन करणार असशील तर एसटीचा विद्यार्थी पास तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात निघतो. तिकडे कॉट, मेस आणि अभ्यासिकेची फी यांत बापाची सोयाबीनची अख्खी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे सगळे पैसे, जातात.

हजेरीचं गणित मात्र जूनमध्येच मांड. सत्रात शिकवण्याचे ९० दिवस धरले आणि हजेरीची अट ७५ टक्के धरली, तर चुकवायला २२ दिवस हातात असतात. आपल्याकडे पोरांची हजेरी ऑक्टोबरात बुडते, कारण सोयाबीनची काढणी आणि सत्राचा शेवट एकाच वेळी अंगावर येतात. काढणीचे आठ-दहा दिवस जाणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ते आधीच बाजूला काढून ठेव, जुलै-ऑगस्टमध्ये दिवस उधळू नकोस आणि काढणीला जाण्याआधी वर्गशिक्षकांना लेखी कळव. न सांगता गैरहजर राहणारा आणि सांगून जाणारा यांच्यात शिक्षक फरक करतात.

आता वर्गात बसून करायचं काय? प्रश्न विचारायचा. हे शिकायला दीड-दोन महिने लागतात. आदल्या रात्री धड्याची चार-पाच पानं वाच आणि जिथे अडशील तिथे समासात पेन्सिलीने एक ओळ लिही. ‘सर, हे कळलं नाही’ हा प्रश्न नव्हे, त्यावर सर तेच पुन्हा सांगतील. कुठपर्यंत कळलं आणि कुठे गाडी थांबली, ते सांग. समज, रोजगार हमी शिकवतायत. ‘सर, कामं १९७२च्या दुष्काळातच निघाली होती आणि कायदा तर १९७७चा आहे. मग मधली पाच वर्षं मजुराला काम कशाच्या आधारावर मिळत होतं?’ या प्रश्नाला उत्तर देताना शिक्षकालाही शासन निर्णय आणि कायदा यांतला फरक फोडून सांगावा लागतो: योजना सरकार बंद करू शकतं, कायद्याने दिलेला हक्क मागता येतो. ही गोष्ट एकदा अशी कळली की पाठ करावी लागत नाही.

तासाच्या मधे विचारायची भीती वाटली तर शेवटच्या पाच मिनिटांत विचार. तेही जमलं नाही तर स्टाफरूममध्ये जा. पहिल्या दोन-तीन वेळा आवाज कापतो, मागच्या बाकावरून हसतात. चौथ्या वेळेला हसणारेच तुझी वही मागायला येतात. बाबासाहेबांनी १९५० साली संभाजीनगरात सुरू केलेल्या कॉलेजला पुढे ज्याचं नाव मिळालं, तो मिलिंद राजा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारण्यासाठीच लक्षात राहिलेला आहे. विद्यापीठ आपल्या मराठवाड्यात १९५८ला आलं. त्याआधीच्या पिढीच्या कित्येकांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागलं. तुला वीस किलोमीटरवर मिळतंय, तर बाकावर जाऊन बस की.

दुसरी गोष्ट तुला विचित्र वाटेल, पण मला ती फार मोलाची वाटते. कॉलेजचं ऑफिस. आपल्या घरांतून तहसीलला जायचं म्हटलं की माणूस आधी ओळखीचा कुणीतरी शोधतो आणि त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवतो. ही भीती कॉलेजच्या खिडकीवर मोडता येते, कारण तिथे चूक झाली तरी फार नुकसान होत नाही.

अर्ज दोन प्रतींत लिही. वर ‘प्रति, मा. प्राचार्य’, खाली एका ओळीत विषय, मग मागणी तीन-चार वाक्यांत, शेवटी सही, तारीख, वर्ग, हजेरी क्रमांक आणि जोडलेल्या कागदांची यादी. एक प्रत टेबलावर द्यायची. दुसरीवर आवकचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यायची. हीच पोच. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी हसून म्हणायचं, ‘सर, तेवढी पोच द्या.’ पोच असली की पंधरा दिवसांनी जाऊन ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं मोघम विचारावं लागत नाही, आवक क्रमांक सांगून विचारता येतं. पहिल्या वर्षी हे शिकलेलं पोरगं तिसऱ्या वर्षी बापाच्या पीकविम्याची तक्रार स्वतः लिहून देतं आणि पोच घेऊन घरी येतं.

शिष्यवृत्तीचा अर्ज हा याच शाळेतला पुढचा धडा. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, तुझ्या प्रवर्गाला आणि घरच्या उत्पन्नाला जी योजना बसते, ती शोध: भारत सरकार शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शुल्क योजना. पैसे अडकतात ते बहुतेक तीन ठिकाणी. एक, नेट कॅफेवाला फॉर्म भरताना स्वतःचाच मोबाईल नंबर टाकतो. अर्ज त्रुटीसाठी परत आल्याचा मेसेज मग त्याला जातो, तो विसरतो, मुदत निघून जाते. दोन, पोरं म्हणतात ‘बँकेत आधार लिंक आहे’. पण सरकारी पैसे यायला तेच खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी) आधारशी जोडलेलं लागतं. मधे दुसऱ्या कशासाठी नवं खातं काढलं असेल तर जोडणी तिकडे सरकलेली असू शकते आणि तू जुनं पासबुक छापत बसतोस. बँकेत हाच प्रश्न विचार: डीबीटी सध्या कोणत्या खात्याला लागू आहे? तीन, अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर पडून राहतो, पुढे सरकतच नाही. दर आठवड्याला स्वतः स्थिती बघायची आणि अडलेली दिसली की खिडकीवर जायचं. आणि दहावीचं मार्कशीट, आधार, पासबुक यांवर नाव एकसारखं आहे का, हे आजच बघून ठेव. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरून अर्ज फिरतात.

ग्रंथालयाबद्दल थोडक्यात सांगतो. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे उगाच नसतात: ३०० च्या घरात समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, ९०० मध्ये इतिहास-भूगोल, मराठी साहित्य ८९१.४६. हे कळलं की कपाट स्वतः शोधता येतं. मराठी विश्वकोश घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचा. आठवड्याला एक नोंद वाच, पुस्तक मिट आणि दहा ओळी आपल्या शब्दांत लिही. वर्णनात्मक पेपरची याहून स्वस्त तयारी मला माहीत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव दे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं शिबिर. गुणांसाठी जाऊ नकोस, शिबिरासाठी जा. गावात नांदेड पॅटर्नचा शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) घ्यायचा म्हटला तर चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खणावं लागतं. मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि खडी. खणणं सोपं. अवघड काय, तर घरच्या म्हातारीला ‘तुमच्या भिंतीला ओल येणार नाही’ हे पटवणं. ती ऐकत नाही, कारण शेजारचा खड्डा तुंबलेला तिने पाहिलेला असतो. का तुंबला? भांड्यांची राख आणि गाळ थेट आत गेला, मधे गाळ अडवायला काही ठेवलंच नव्हतं. हे तू तिला दाखवून सांगितलंस की ती ऐकते. सांगणाऱ्याने आधी स्वतः वाकून बघावं लागतं, हे वर्गात कळत नाही.

त्याच शिबिरात पन्नास जणांची खिचडी टाकावी लागते. पाच किलो तांदूळ, दीड-दोन किलो डाळ. घरच्या मापाने पाणी ओतलं की लगदा होतो, कारण मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं. लगदा झाला की कुणाचं चुकलं यावर भांडण, आणि तोच लगदा सगळ्यांनी एका पंगतीत खायचा. सध्या गावागावांत जातीवरून जे ताणलं गेलंय ते तुला मी सांगायला नको. आडनाव न विचारता सात दिवस एकत्र भांडी घासलेली पोरं पुढे मोबाईलवर आलेला भडकाऊ मेसेज पुढे ढकलण्याआधी जरा थांबतात. सगळीच थांबतात असं नाही म्हणत. पण काही थांबतात, आणि त्यात तू असावास.

नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पही आला आहे. श्रेयांकाचा, म्हणजे क्रेडिटचा, हिशोब असा: वर्गातले १५ तास किंवा प्रत्यक्ष कामाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, नाव बदलून बांधून देतात. तो घेऊ नकोस. तुझ्या तालुक्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जा. वीस शेतकरी, सहा प्रश्न: माल किती, ओलावा किती सांगितला, बोली किती झाली, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती आले, पैसे रोख की उधार. सोयाबीनचा ओलावा १२ टक्क्यांच्या वर दाखवला की भाव उतरतो. म्हणून ओलावा कुणी आणि कशाने मोजला, मीटर की नुसती मूठ, हे जरूर लिही. सकाळी गाड्या लागतात तेव्हा माणूस घाईत असतो, बोलणार नाही. काटा झाल्यावर, पट्टीची वाट बघत बसलेला असतो तेव्हा शेजारी बस. पहिले दोन-चार जण उडवून लावतील, पाचवा बोलेल. नाव लिहू नकोस म्हणाला तर लिहू नकोस. ही वीस पानं पुढे मुलाखतीत ‘तुमच्या भागातला शेतमालाचा प्रश्न काय?’ या प्रश्नाला पुरतील.

आता नावडती बाजू. कॉलेजं काही सोन्याची नाहीत. जागा रिकाम्या आहेत, बरेच तास तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात, आणि त्यांचं मानधन वेळेवर येत नाही. काही ठिकाणी फळ्यावर वेळापत्रक असतं आणि वर्गाला कुलूप. म्हणून कॉलेज निवडताना वर्तमानपत्रातली जाहिरात बघू नकोस, ओळखीच्या दादाचंही ऐकू नकोस. एखाद्या मंगळवारी अकरा वाजता, कुणाला न कळवता जा. किती वर्गांत शिकवणं चालू आहे ते मोज. ग्रंथालयात देवघेव रजिस्टरची आठवडाभराची पानं बघू देतात का विचार. तिसऱ्या वर्षाच्या दोन पोरांना गाठून विचार की मागच्या वर्षी शिबिर कोणत्या गावाला झालं; गावाचं नाव पटकन आलं नाही तर शिबिर कागदावरच झालं समज. दोन कॉलेजं अशी बघून ये आणि मला रविवारी फोन कर. प्रवेशाची शेवटची तारीख दोन्हीकडे विचारून ठेव, आणि टीसी देण्याआधी तिच्या चार झेरॉक्स काढून घे.