पुन्हा लावलेला समुद्री टँक आणि न बोलावता आलेली वाढ

बंद असलेला 200 लिटरचा समुद्री टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) जुन्याच दगड-रेतीवर पुन्हा लावला. दोन आठवड्यांत रेतीवर तपकिरी थर बसला. सगळं उपसू का? (पणजी)

उपसू नका. बोट फिरवल्यावर थर धुळीसारखा निघत असेल तर ते डायटम, म्हणजे काचेसारख्या कवचाचं एकपेशी शेवाळ. त्यांना कवचासाठी सिलिकेट लागतं, आणि ते नळाच्या व विहिरीच्या पाण्यात असतं. आरओ फिल्टरनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 0 येईल असंच पाणी समुद्री मीठ कालवायला वापरा. समुद्राचं पाणी आणत असाल तर जून ते सप्टेंबर मिरामार, दोनापावलचं टाळा. मांडवी-झुवारीचं गोडं पाणी वर पसरतं, क्षारता घसरते आणि नद्या सिलिकेटही घेऊन येतात. भरण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट घनता 1.025 दिसलीच पाहिजे. दिवे 6 तासांवर आणा. सिलिकेट संपलं की थर सहसा काही आठवड्यांत आपोआप जातो.

रेतीवर लालसर, बुळबुळीत चादर. ओढली की सबंध निघते, दोन दिवसांत परत येते. (मडगाव)

हे शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत, म्हणजे प्रकाशावर जगणारे जीवाणू. मूळ बहुधा जुन्या दगडातच आहे. सुकवलेल्या दगडाच्या भोकांत मेलेले जीव अडकून राहतात. पाणी लागलं की ते कुजतात, अमोनिया वाढतो. शिवाय दगडाने धरून ठेवलेलं फॉस्फेट हळूहळू सुटत राहतं. म्हणून पाणी बदलल्यावर फॉस्फेटचा आकडा उतरतो आणि चार दिवसांत पुन्हा चढतो.

दगड बाहेर काढा, झाकणाच्या ड्रममध्ये खाऱ्या पाण्यात ठेवा, आत पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू ठेवा. दर आठवड्याला पाणी बदलून फॉस्फेट मोजा. 0.1 पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) खाली टिकलं तरच दगड परत लावा. टँकमध्ये चादर आधी सायफनने ओढून घ्या, मग 3 दिवस पूर्ण अंधार करा. मरणारी चादर ऑक्सिजन खाते, त्यामुळे हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन बंद करू नका. जुनी रेती ढवळल्यावर सडक्या अंड्यांचा वास आला तर ती फेकाच, धुवून वापरण्याचा मोह नको. अँटिबायोटिकही टाकू नका, कारण नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू नुकतेच रुजत असतात.

तपकिरी तार, टोकाला बुडबुडे. नायट्रेट 0, फॉस्फेट 0, तरी पाणी बदललं की वाढतं. गोगलगायीही मेल्या. (फोंडा)

डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंनी पोहणारे एकपेशी जीव, असण्याची दाट शक्यता आहे. काही जाती विषारी असतात, गोगलगायी त्यानेच गेल्या असाव्यात. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली 400 पटीत एक थेंब पाहा. डायटम संथ सरकतात, हे गरगर फिरतात. इथे स्वच्छतेची घाईच नडते. नायट्रेट-फॉस्फेट हे अन्न शून्यावर गेलं की स्पर्धक शेवाळ मरतं आणि यांना रान मोकळं मिळतं. पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास आणून तिथेच टिकवा. रात्री तार विरघळल्यासारखी दिसत असेल तर यूव्ही (पाण्यातले जीव मारणारा अतिनील दिवा) उपयोगी पडतो, रेतीला चिकटूनच राहत असेल तर फारसा नाही.

दगडावर पारदर्शक, ताडाच्या झाडासारखे छोटे जीव आले. खरवडले तर दुप्पट झाले. (म्हापसा)

ही ऐप्टेशिया, म्हणजे झपाट्याने पसरणारा छोटा समुद्रफूल (अ‍ॅनिमोनी). तुटलेल्या कणापासूनही ती उगवते, म्हणून खरवडू नका. बिनवासाचा पांढरा खायचा चुना पाण्यात दाट कालवा, पंप बंद करा आणि सिरिंजने थेट तोंडावर सोडा. पंधरा मिनिटांनी पंप चालू करा. एका दिवसात दोन-तीनच मारा, नाहीतर पीएच झपकन वर जातो.