पेसमेकर बसवून वीस दिवस झाले, पेटी टोचते. सवय कधी होणार?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, रावेरकडे केळी आहे, कूस बदलली की डाव्या खांद्याखाली पेटी टोचते, म्हणून हात झोळीत बांधून ठेवलाय.

आधी ती झोळी काढा.

डॉक्टर सांगतात, "कोपर खांद्याच्या वर नेऊ नका." घरी येईस्तोवर त्याचं "हात हलवूच नका" होतं. आमच्या सावद्याच्या काकांना पेसमेकर बसवला, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा हाच धाक घालून गेला. काकूंनी दोन महिने त्यांचा हात छातीशी बांधून ठेवला. पेटीतून हृदयात जाणारी तार जागेवर राहिली, पण खांदा आखडला. सदऱ्याची बाही चढेना, हात पाठीमागे जाईना. पुढचे कितीतरी महिने फिजिओथेरपीत गेले. चुलतभाऊ आजही म्हणतो, "तार तर निसटली नाही ना!" अरे, तार सांभाळायला खांदा घालवावा लागत नाही.

तारेचं टोक हृदयाच्या आतल्या बाजूला पक्कं धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर कोपर खांद्याच्या रेषेखाली, डाव्या हाताने चार-पाच किलोच्या वर काही नाही, हापशी मारणं बंद. पण बटणं लावणं, भाकरी मोडणं, मनगट-कोपर फिरवणं, उभं राहून हात हलकेच झुलवणं हे रोज झालंच पाहिजे.

टोचण्याचं म्हणाल तर पेटी साधारण २० ते ३० ग्रॅमची, कातडीखाली, छातीच्या स्नायूवर. अंगाने बारीक माणसाच्या हाताला तिची कड कायम लागते. टोचणं मात्र बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत ओसरतं. उजव्या कुशीवर झोपवा, डाव्या काखेत छोटी उशी द्या. काळंनिळं छातीवर खाली उतरलं तर घाबरू नका. शेक, तेल-मालिश नको. सूज आहे म्हणून गावात कोणाकडून सुई घालून पाणी काढू देऊ नका, आत जंतू जातात. पेटी सारखी चाचपायची सवय मोडा. ती आत फिरली की तारा पिळतात, ओढल्या जातात.

एसटीत खड्ड्यांतून जाताना बसल्या जागी धडधड वाढली, तर बऱ्याच पेसमेकरमध्ये हालचाल ओळखून ठोके वाढवणारा सेन्सर असतो, तो धक्क्यांना फसतो. तपासणीला सांगा, सेटिंग बदलता येतं. ठोक्यांच्या तालावर उचकी लागत असेल किंवा पोट उडत असेल तर थांबू नका. तार श्वासपटलाच्या (छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या) नसेला चेतवते, कधी सरकलेलीही असते.

केळीचा घड यापुढे उजव्याच खांद्यावर, तोही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की त्याचा पट्टा नेमका पेटीवर आणि तारेवर बसतो. माझं मत विचाराल तर तो वडिलांच्या पाठीवर पुन्हा चढवूच नका, मजूर लावा. मोबाइल डाव्या खिशात नको, पेटीपासून १५ सेंटिमीटर लांब.

जखम लाल, गरम झाली, पाझरली, ताप आला किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि हो, झोळी डॉक्टरांनीच मुद्दाम दिली असेल, किंवा पेटी ठोके बिघडल्यावर शॉक देणाऱ्या प्रकारची असेल, तर काही बदलण्याआधी त्यांना फोन करा.