मोबाइल बंद केला, तरी नंबर वाढलाच!

"मोबाइल वर्षभर बंद आहे. टीव्ही फक्त रविवारी. तरी चष्म्याचा नंबर पाऊणने वाढला. मॅडम, आता आणखी काय बंद करू?"

पुण्यातल्या एका तिसरीतल्या मुलाची आई तावातावाने विचारत होती. खरं तर त्या आल्या होत्या मुलाची चिडचिड आणि रात्री अकरापर्यंत टक्क जागं राहणं घेऊन. चष्म्याचं गाऱ्हाणं ओघात निघालं. पण मला वाटलं, दोन्हींचं मूळ एकच असावं.

मी त्यांना मुलाचा आदला दिवस सकाळपासून सांगायला लावला. शाळेची बस, शाळा, घरी येऊन दूध, अ‍ॅबॅकस, मग बॅडमिंटनचा क्लास, गृहपाठ, जेवण आणि झोपेपर्यंत गोष्टीची पुस्तकं. "म्हणजे खेळतोय की तो!" त्याच म्हणाल्या. खेळतोय, पण बंद हॉलमध्ये. दिवसाचा उघडा उजेड त्याच्या वाट्याला येत होता तो बसथांब्यापर्यंत.

मोबाइल काढून घेतल्यावर त्याच्या हाती पुस्तक आलं. छानच झालं, पण डोळ्यांच्या लेखी तेही जवळचंच काम. डोळ्याला हवा असतो तो भरपूर उजेड. घरात ट्यूबलाइटखाली तीनचारशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळाले तरी खूप. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार मिळतात. त्या उजेडाने डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामीन नावाचं रसायन स्रवतं आणि नेत्रगोल लांबट होत जाण्याला लगाम बसतो, असं संशोधक मानतात. नेत्रगोल लांबला की लांबचं धूसर दिसतं आणि उणे नंबर लागतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्तीची मैदानावर घालवायला दिली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30 टक्के मुलांना असा नंबर लागला होता; नेहमीचं वेळापत्रक असलेल्या शाळांत तो आकडा 40 टक्क्यांच्या जवळ होता. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तैवानमध्ये तर शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर असावं, असा सरकारचाच आग्रह आहे.

"मग बाल्कनीत खुर्ची टाकून देते, तिथे वाचेल," आई म्हणाल्या. (हा तोडगा मला बरेच पालक सुचवतात.) थोडा उजेड मिळेल, पण पळणं कुठून येणार? हाडं घट्ट व्हायला उड्यांचे, धावण्याचे धक्के लागतात, आणि ते या वयातच. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. शिवाय दिवसा उजेड आणि अंगमेहनत मिळाली की रात्री झोपही वेळेवर येते.

मग खरी भीती बाहेर आली. "खाली गाड्या किती जोरात येतात! आणि पडला-बिडला तर?" गाड्यांची भीती रास्तच होती, ती मी खोडून काढली नाही. पडण्याचं म्हणाल, तर साडेआठ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यावर एकही खपली नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

सोसायटीत 'बॉल खेळण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती. आजोबांनी सेक्रेटरींशी बोलून मागची बाजू संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात गाड्यांसाठी बंद करून घेतली. काचा फुटायला नकोत म्हणून बॉल चिंध्यांचा, आणि खेळ लगोरी. फरशीचे सात तुकडे वॉचमनकाकांनी आणून दिले. सुरुवातीला हा नुसता कडेला उभा राहायचा. लगोरी फुटल्यावर पळायचं कुठे, हेच त्याला उमगेना. अ‍ॅबॅकस आठवड्यातून एकदाच ठेवला. महिन्याभरात दहाच्या आत झोपू लागला.

नंबराबद्दल मात्र मी खोटी आशा लावली नाही. लागलेला नंबर खेळून उतरत नाही. तो वाढू नये म्हणून काय करायचं, हे नेत्रतज्ज्ञांनीच सांगायचं. बाहेरच्या उजेडाचा मोठा फायदा नंबर लागण्याआधी असतो. म्हणून मी विचारलं, "धाकटी काय करते?" ती पाच वर्षांची, अजून चष्मा नाही, पण आईबाबा दोघांनाही चष्मा, म्हणजे तिला धोका जास्तच.

"ती अजून लहान आहे ना, तिला घरीच ठेवते," आई म्हणाल्या. मी म्हटलं, "दादाच्या आधी तिला खाली पाठवा."