आधी अंधार मोज

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. जर्मनीतल्या श्टेखलीन सरोवरावरची पीएचडीची जागा, की इथेच जेआरएफ, म्हणजे सरकारी संशोधन फेलोशिप, घेऊन नागपूरच्या तलावांवर काम? खाली तू तक्ताही जोडला आहेस: पैसे, वर्षं, गाईड, पुढचा स्कोप. अंधाराचा रकाना मात्र त्यात नाही. रात्रीच्या उजेडाचा तलावावर काय परिणाम होतो हा तुझा विषय, आणि उजेड न पोचलेलं पाणी कुणाकडे आहे हे तू एकालाही विचारलेलं नाहीस. राग येऊ देऊ नकोस, पण हा प्रश्न पहिला.

मॅरिॲन मूर आणि सहकाऱ्यांचं 2000 सालचं काम तू वाचलं आहेस. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेबन तलावात त्यांनी पाण्यात कप्पे सोडले. काहींवर शहराचा उजेड पडू दिला, काहींवर अडवला. डॅफ्निया हा पाण्यातला इवलासा कवचधारी जीव दिवसा माशांच्या भीतीने खोल राहतो आणि रात्री शेवाळ खायला वर येतो. उजेडातला डॅफ्निया अंधारातल्यापेक्षा दोन मीटर खालीच थांबला आणि वर येणाऱ्यांची संख्या 10 ते 20 टक्क्यांनी घटली. सगळे त्या दोन मीटरबद्दल बोलतात. ते दोन मीटर मोजता आले ते त्यांनी अंधाराचा कप्पा राखला होता म्हणून. तो नसता तर 'इथला डॅफ्निया इतकाच वर येतो' असं लिहून पेपर संपला असता. खाणारा वर आला नाही तर शेवाळ माजेल, हा अंदाज बरोबर वाटतो. पण खऱ्या तलावात, वर्षभर, तसं होतं का, हे दाखवायचं काम तुझ्यासारख्यांसाठी शिल्लक आहे.

आता मीटरचं. बाजारातला साधा लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, रात्री तलावाच्या पाळीवर धर, शून्य दाखवेल. त्या शून्यावर विश्वास ठेवू नकोस. पौर्णिमेचं चांदणं 0.1 ते 0.3 लक्स भरतं, आणि युरोपातल्या पर्च माशाच्या अंगातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्री तयार होणारं संप्रेरक, 0.01 लक्सलाही घटलेलं आढळलं आहे. म्हणजे तुझं यंत्र जिथे अंधार म्हणतं तिथे माशाची रात्र बिघडलेली असू शकते. त्यात ढग. बर्लिन शहरात ढगाळ रात्री आकाश निरभ्र रात्रीच्या दहापट उजळ मोजलं गेलं आहे. आपल्या पावसाळ्यात नागपूरच्या अंबाझरी तलावावर काय होत असेल? निरभ्र रात्र निवडून मोजणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. म्हणून म्हणते, आधी अंधार मोज. अमावास्येला मोज, ढगात मोज, तलावातल्या कारंज्याचे दिवे बंद असताना मोज.

माझ्या हट्टाबद्दल तू इतरांकडून ऐकलं असशील, तर माझ्याकडूनही ऐक. मला रात्रीचे नमुने हवे होते. गाईड म्हणाले, रात्री होडी मिळणार नाही, परवानगी मिळणार नाही, सकाळी दहाचे नमुने घे, पीएच आणि डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) काढ, डिग्री घे. मी ऐकलं नाही. फेलोशिप संपली, बरोबरीचे लेक्चरर झाले, मी अर्जांच्या मागे फिरत राहिले. परवानगी हातात आली तोवर पाळीवर हायमास्ट, उंच खांबांवरचे प्रखर दिवे, उभे राहिले होते. माझ्या प्रबंधात त्या तलावाच्या उजेडातल्या रात्री आहेत. त्याआधीच्या अंधाराचा एकही आकडा जगात कुणाकडे नाही, आणि आता तो कुणालाच मिळणार नाही. ही हळहळ जात नाही. पण सकाळी दहाचे नमुने घेऊन लवकर सुटले असते तर बरं झालं असतं, असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. तूही प्रयत्न करू नकोस.

श्टेखलीनबद्दल. तिथलं लेकलॅब, प्रयोगाची सोय, म्हणजे सरोवरातच उभे केलेले 24 दंडगोल, प्रत्येक नऊ मीटर रुंद आणि सुमारे वीस मीटर खोल. एकाच पाण्यात काही दंडगोलांवर शहराच्या आकाशाइतका मंद उजेड सोडायचा, काही अंधारात ठेवायचे. बर्लिनच्या उत्तरेला, झाडीतलं सरोवर, म्हणून अंधार अजून शाबूत आहे. अशी सोय आपल्याकडे नाही. तिथे पीएचडी बहुतेक नोकरीसारखी असते, करार आणि पगारासकट. जाहिरातीत '65 टक्के' दिसलं तर दचकू नकोस, ते पगारी वेळेचं प्रमाण आहे.

पण इथलं हलकं समजू नकोस. जेआरएफचे महिन्याचे 37,000 रुपये आणि घरभाडं यात नागपुरात राहता येतं. आणि 2024 मध्ये नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र, झाला. त्यासाठी आसपासच्या गावांतले पथदिवे बदलून खाली उजेड टाकणारे बसवले. एका टोकाला पेंचमधला वाघोड्याचा तलाव, दुसऱ्या टोकाला नागपूर शहरातला फुटाळा, मधली गावतळी धरून उजेडाची पूर्ण चढण मिळते. श्टेखलीनच्या दंडगोलांत उष्ण कटिबंधातलं तळं मिळणार नाही. मात्र जंगलात रात्री पाण्यावर जायची लेखी परवानगी मिळेल का, हे गाईडला नोंदणीच्या आधी विचार. 'बघू' म्हणाले तर निघून ये. खरंच निघून ये.

दोन्हीकडे अर्ज कर. पहिल्या परिच्छेदात पर्यावरणप्रेम नको, तिथे तुझा अंधार कुठला आणि तो कशाने मोजणार ते लिही. रविवारपर्यंत मसुदा पाठव. आणि हो, लाल टॉर्च घेऊन ठेव, पांढरी बॅटरी लावून प्लँक्टनची जाळी ओढणाऱ्यांना मी परत पाठवते, हे तुला माहीत आहे.

तुझी,
मॅडम